वंशावळीचा पाठ

चर्चमध्ये पाठ वाचायला दर रविवारी मास्तर उठायचे. आज उठला तिचा नवरा.

आजचा पाठ बायबलमधल्या वंशावळीचा होता. वर्षातून एकदाच यायचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. नुसती नावंच नावं. तेवढ्यात लोक खोकून घेत, चष्मे पुसत, कुणी खुशाल जांभया देत. ती मात्र कान टवकारून बसायची. त्या यादीत मध्येच एक नाव होतं, कुणाच्या लक्षातही न राहणारं. पोटुशी असताना याच बाकावर बसून तिनं ते निवडलं होतं. तिच्या मुलाचं नाव.

आठ वर्षांपूर्वी मुलानं बापावर हात उगारला आणि त्याच पावली घर सोडलं. ना पत्र, ना फोन. बाप शिंपी, कापडावर एकदा कात्री चालवली की चालवली, स्वभावही तसाच. "त्याचं नाव पुन्हा या घरात काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," त्यानं बजावलं. तिनं काढलं नाही. एकटी असतानासुद्धा नाही. वर्षभर या एका रविवारची वाट बघायची. मास्तर ते नाव मोठ्यानं वाचायचे आणि ती डोळे मिटून घ्यायची. बस्स, तेवढंच. तेच पुढच्या वर्षापर्यंत पुरवायचं.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. त्या नावाला तिच्या तोंडून हुंदका निसटला आणि नवऱ्यानं वळून बघितलं.

आणि आज हा स्वतः पुढे! एवढंसुद्धा हिसकावून घ्यायचं होतं का या माणसाला? इतक्या नावांतलं एक गाळलं तर कुणाला कळणार होतं? पाळकसाहेबांनाही नाही.

नवरा वाचू लागला. सावकाश, एकेक नाव. त्या नावाआधी आणखी तीन उरली. मग दोन. तिनं पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

तो थांबला. चष्मा काढला, पुन्हा घातला. लोक चुळबुळले. मास्तरांनी मान वर केली.

मग त्यानं ते नाव घेतलं. चांगलं मोठ्यानं. क्षणभर दाराकडे बघत राहिला आणि उरलेली वंशावळ एकही नाव न गाळता वाचून काढली. सगळ्यांनी सवयीनं 'आमेन' म्हटलं. तिला म्हणवेना.

तो शेजारी येऊन बसला तेव्हा तिचं तोंड रुमालात होतं.

"तुम्ही कशाला गेलात वाचायला?" तिनं कसंबसं विचारलं.

"आज मला वाचू द्या म्हणून मास्तरांच्या मागेच लागलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "घरात माझीच शपथ आडवी येते. आठ वर्षं झाली गं, पोराला हाक मारून."