भिंतीवरची यादी

साडेअकरा वाजले तरी तिसऱ्या मजल्यावरच्या एकाही संगणकावर रक्ताचा रिपोर्ट उघडत नव्हता. छापील कागद आणायला सिस्टर जिने चढत-उतरत होत्या. हा तिसरा दिवस.

"तळघरवाल्या बाई, आज तरी दिसेल का हो? माझे गुडघे काही तुमच्या नेटवर्कवर चालत नाहीत," एक सिस्टर फोनवर म्हणाल्या.

हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई तळघरात बसत, म्हणून हे नाव. तेही आता अर्ध्या तासाचं. बारा वाजता त्यांचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या मॅडमच्या टेबलावर करार तयार होता, सही तेवढी बाकी होती. कंपनीच्या माणसाने निदानही करून टाकलं होतं: रक्ततपासणीचं यंत्र म्हातारं झालंय, बदला.

बाईंना ते पटत नव्हतं. खालच्या मजल्यांना तेच यंत्र चुटकीसरशी रिपोर्ट देत होतं. म्हातारपणी विसर पडला तर सगळ्यांचाच पडेल. निवडून-निवडून कसा पडेल?

त्या वही काखोटीला मारून मजले पालथे घालून आल्या. ज्यांना रिपोर्ट दिसतो त्या संगणकांचे नेटवर्कवरचे चार-चार आकड्यांचे पत्ते एका बाजूला लिहिले, दिसत नाही त्यांचे दुसऱ्या. दिसणाऱ्यांच्या पत्त्यात तिसरा आकडा चार होता. न दिसणाऱ्यांच्या पत्त्यात पाच. पाचवाले सगळे नवे, गेल्या आठवड्यात बसवलेले.

बाई जिन्यातच थांबल्या. चारची गल्ली भरली, नवे पत्ते उरले नाहीत, म्हणून त्यांनीच शेजारची पाचची गल्ली तिला जोडली होती. असं केलं की प्रत्येक यंत्राला सांगावं लागतं, बाबा रे, तुझी गल्ली आता इथपर्यंत. हे सांगणारा आकडा म्हणजे मास्क. गल्लीतल्याला यंत्र थेट उत्तर देतं. परक्याचं उत्तर गल्लीच्या तोंडावरच्या राउटरकडे सोपवतं. तपासणीच्या यंत्राला हे कोणी सांगितलंच नसेल, तर ते पाचवाल्यांना परकेच समजणार. त्यांची उत्तरं जुन्या राउटरकडे धाडत राहणार. आणि तो राउटर परवाच भंगारात गेला होता.

तळघराच्या भिंतीवर नवा मास्क द्यायच्या यंत्रांची यादी लावलेली होती. तिथला नियमच तो: यंत्राला हात लावला की खूण करायची आणि खुणेपुढे आपलं नाव लिहायचं. दोनशे बारा ओळी. खुणा दोनशे अकरा. मधल्याच एका ओळीपुढे खुणेऐवजी शेरा होता, 'नमुने चालू आहेत, दुपारी करते.' अक्षर बाईंचंच होतं.

प्रयोगशाळेत दोन मिनिटं लागली. मास्कमधल्या एका दोनशे पंचावन्नच्या जागी दोनशे चोपन्न. लगेच वरून फोन आला.

"दिसलं हो बाई. गुडघ्यांनी आशीर्वाद सांगितलाय."

बाराला दोन मिनिटं कमी असताना बाई यादी भिंतीवरून काढून मोठ्या मॅडमपुढे उभ्या राहिल्या. मॅडमच्या हातात पेन होतं.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. चूक माझी. ही ओळ राहून गेली होती."

समोर बसलेला कंपनीचा माणूस खुर्चीत ऐसपैस झाला. "मी काय सांगत होतो? एका माणसावर भार टाकला की हे असं व्हायचंच."

मॅडमनी यादी पहिल्या ओळीपासून वाचली. घाई केली नाही. मग कंपनीचा अहवाल ओढून घेतला, तोही चाळला आणि सही न केलेल्या करारासकट त्या माणसापुढे सरकवला.

"यात यंत्र बिघडायची अकरा कारणं दिली आहेत तुम्ही," त्या म्हणाल्या. "एकापुढेही कोणाचं नाव नाही."

मग सहीसाठी उघडलेलं पेन त्यांनी बाईंच्या हातात दिलं. "ती राहिलेली खूण करून टाका."