खिडकीजवळची खुर्ची

लेकरांना रक्त चढवायच्या त्या खोलीत आयांनी आपसांत एक रीत पाडली होती. ज्या लेकराचं सगळ्यांत जास्त बिनसलंय, त्याला खिडकीजवळची आरामखुर्ची. कुणी मागायची नाही, कुणी कारण विचारायचं नाही. तिथं बसलेल्या आईनं आपणहून उठायचं.

ठमीची आई शिवणकाम करायची. दर खेपेला आत शिरली की तिची नजर आधी त्या खुर्चीकडे जायची. तिथल्या पोराचा ओढलेला चेहरा पाहून ती मनाशी म्हणायची, 'दगडापेक्षा वीट मऊ. आपलं त्या मानानं बरंच म्हणायचं.' मग स्वतःचीच लाज वाटायची. पण तेवढ्यावरच पुढच्या खेपेपर्यंतचे दिवस कसेबसे ढकलले जायचे.

आज ठमीच्या अंगात नवा फ्रॉक होता. मागच्याच महिन्यात माप घेऊन बेतलेला, पण खांद्यावरून सारखा घसरत होता. सगळ्या जणी बघतायत म्हटल्यावर आई घाईनं हसली, "या खेपेला मापच चुकलं बाई माझं!"





खिडकीजवळच्या पोराची आई उठली, आपली पिशवी उचलली आणि हलकेच म्हणाली, "ये गं, तू बस इथं."