नऊशे नव्व्याण्णव दिवस

खंडेनवमीची पूजा मांडली होती. भट्टीला झेंडूचा हार आणि भिंतीवर फलक : अपघाताविना ९९९ दिवस. खाणी, गिरण्या, बंदरं, सगळ्यांना मागे टाकून ही फाउंड्री देशात पहिली आली होती.

सगळ्या उद्योगांना माप एकच. कामगाराच्या डोक्यावरचं सरकारी हेल्मेट वेदना मोजून फलकाला कळवायचं. पण कंपनीनं मनगटावर बांधलेली पट्टी वेदना जाणवूच द्यायची नाही.

नारळ फोडायचा मान दमयंती कुंभोजेंना होता. काल साच्याखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. वेदनेची नोंद नाही, म्हणून दवाखानाही नाही.

"फडकं गुंडाळा, कुंभोजेबाई," मॅनेजर शहापुरे कुजबुजले. "पाहुणे बघताहेत."

"बघू देत की!"

त्यांनी नारळ खाली ठेवला आणि उजव्या मनगटावरच्या पट्टीचं बक्कल दातांनी ओढलं.

"अहो, काढू नका! सहन होणार नाही!"

"माझी बोटं आहेत, साहेब. दुखू देत."

पट्टी गळून पडली. त्यांच्या किंकाळीनं शेड हादरली आणि फलकावर शून्य आलं.

शहापुरे फलकाकडे धावले. मागे साठ कामगारांचे हात आपापल्या बक्कलाकडे गेले होते.