सगळे बिल्ले हिरवे

नदीसफरीत रात्री जेवणाच्या टेबलावर अनोळखी मंडळी भेटली आणि आमच्या ह्यांना आयते श्रोते मिळाले. लगेच तोच किस्सा सुरू.

"हिला पेट्रोल पंपावर विसरून मी खुशाल पुढे निघालो! मागच्या सीटकडे चहाचा थर्मास मागायला वळलो, तर ही नाहीच!"

सगळं टेबल पोट धरून हसलं. मीही हसले, तोंडदेखलं. इतकी वर्षं हेच चाललंय. पर्स गाडीत राहिलेली, ओळखीचं कुणी नाही, त्या पंपावर मी रडकुंडीला आले होते. पण ते ह्यांच्या किश्शात कधीच नसतं.

सकाळी बोट एका धक्क्याला लागली. उतरताना प्रत्येकाने दाराशी टांगलेला आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा, परत आल्यावर हिरव्या. सगळे बिल्ले हिरवे दिसले की बोट सुटते.

हे बाजारात टोप्या घालून बघत रेंगाळले. मी पुढे बोटीवर परत आले आणि माझा बिल्ला फिरवला. शेजारीच ह्यांचा लाल लटकत होता.

तोही फिरवला.

धक्का पार दिसेनासा झाल्यावर कालच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "अहो, तुमचे मिस्टर कुठे दिसत नाहीत ते?"

मी शांतपणे किटली उचलली.



"अय्या, खरंच की! चहा ओतायला घेतला, तर हे नाहीतच!"