दोनशे सह्या

"दोनशे सांगितल्या होत्या. आहेत ना?" कारकूनबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि फाइल पुढे ओढली.

"आहेत, मॅडम. मोजायची गरज नाही," ती म्हणाली.

कारकूनबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. न मोजता कागद पुढे सरकवायला ऑफिस काही त्यांच्या घरचं नव्हतं. त्यांनी ओल्या स्पंजवर बोट टेकवलं आणि पहिला कागद उलटला. तिच्या कडेवर चिमी होती, सव्वा वर्षाची, आणि तिला टेबलावरचा शिक्काच हवा होता.

मागणी साधी होती. मोठ्या रस्त्यावरच्या पादचारी पुलाला दोन्ही बाजूंना अठ्ठेचाळीस पायऱ्या. दवाखाना, बाजार, बाग, सगळं पलीकडे. बाबागाडी घेऊन जायचं तर एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी, नाहीतर कुणीतरी गाडीचं दुसरं टोक धरेपर्यंत खाली ताटकळायचं. पायऱ्यांच्या कडेने उतार बांधून द्या, एवढंच तिचं म्हणणं. कारकूनबाईंनीच नऊ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, आसपास राहणाऱ्यांच्या दोनशे सह्या आणा, पत्ता आणि तारखेसकट, पुढचं आम्ही बघतो.

तिच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव जायचा, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, आणि आला की निम्मा वेळ झोपायचा. त्याला तरी काय बोलणार, दमलेला असायचा बिचारा. वस्तीत ती नवीन. सह्या सुरू करण्याआधी तिचे असेही दिवस गेले होते की दिवसभरात मोठ्या माणसाशी एकच वाक्य बोलणं झालं, तेही दुकानात, 'पिशवी नको'. संध्याकाळपर्यंत घसा न वापरल्याने तिला स्वतःचाच आवाज घोगरा वाटायचा.

कागद हातात आला आणि दारं उघडायला लागली. चारला चिमी उठली की ती निघायची. सही अर्ध्या मिनिटाची, बसणं पाऊण तासाचं. निवृत्त नर्सबाई चिमीचे दात बघायच्या आणि मग तिला मांडीवर घेऊन जावयाचा उद्धार करायच्या. शेजारच्या इमारतीतल्या शिंपीकाकांनी बाबागाडीचा तुटका पट्टा शिवून दिला, वर चहा पाजला, आणि तो इतका गोड की चमचा उभा राहावा. सही झालेल्या घरातही 'कुठवर आलंय ते सांगायला' पुन्हा जाता यायचं. शिंपीकाका काठी टेकत दाराशी यायचे आणि दर वेळी विचारायचे, अजून किती राहिल्या गं. ती म्हणायची, थोड्याच.

लोक तिचं कौतुक करायचे. एवढ्याशा पोरीला घेऊन बाई उंबरठे झिजवते, पायाला नुसती भिंगरी लागलीय म्हणायचे. तिला ते आवडायचं, का नाही आवडणार? पण परत येऊन कुलपात किल्ली घालताना आतली शांतता तिला बाहेरूनच ऐकू यायची.

परवा सकाळी शिंपीकाका त्याच पुलावर पडले. वरून सहाव्या पायरीवर काठी निसटली आणि खुब्याचं हाड मोडलं. नर्सबाईंनी फोन करून सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, तुझ्या सह्या लवकर व्हायला हव्यात बघ. काल ती त्यांना दवाखान्यात बघून आली. आज ऑफिस उघडायच्या आधीच दाराशी येऊन उभी राहिली होती.

"एकशे नव्व्याण्णव, दोनशे." कारकूनबाईंचं बोट थांबलं. मग ते आडवं, तारखेच्या रकान्यात गेलं. मागे अजून बरेच कागद होते. त्यांनी ते भराभर उलटले, पुन्हा मागे आल्या, पुन्हा तारीख पाहिली. सगळ्या मिळून पावणेचारशे तरी सह्या होत्या.

"दोनशेवी सही पाच महिन्यांपूर्वीची आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अगं, काम मंजूर होऊन पडलंय. सह्यांसाठी तेवढं अडलं होतं. एव्हाना उतार बांधूनही झाला असता."

चिमीने शिक्का मिळवला होता आणि ती तो टेबलावर आपटत होती.

कारकूनबाईंना तिची दया आली असावी. लहान पोर, घरात दुसरं माणूस नाही, एवढ्या लांब यायला सवड झाली नसेल, होतं असं, हे सगळं त्याच तिच्या वतीने बोलून गेल्या. चिमीच्या मुठीतून त्यांनी हलकेच शिक्का सोडवून घेतला, फाइलवर उमटवला, आणि आजच वर पाठवते म्हणाल्या. तिला नुसतं हो म्हणायचं होतं. विषय तिथेच मिटला असता, कुणाला काही कळलंही नसतं. पण खोटं बोलायची तिला आता शिसारी आली होती.

"सवड खूप होती, मॅडम," ती म्हणाली. "पण सह्या आणून दिल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी मी कुणाच्या दाराची बेल वाजवणार होते?"