राखेतली पावलं

नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी किनूने नेहमीप्रमाणे बैठकीच्या खोलीत चुलीची राख पसरली. सकाळी तिथे एका लहान मुलाची पावलं उमटली, की घराचा राखणदार बालआत्मा अजून घरातच आहे, असं आमच्या इवाते प्रांतात मानतात.

सकाळी पावलं होती. पण ती अंगणाच्या दारातून बाहेर गेलेली होती, आणि दोघांची होती.

“अहो, जरा इकडे या,” दाराशी उभ्या किनूने हाक मारली.

अंगणात लाकडं फोडणारा तोकुजी, तिचा नवरा, येऊन वाकला. “ही नेहमीची. आणि ही आपल्या चिसाची. कार्टी रात्री खेळायला उठली असणार.”

“चार दिवस तापाने फणफणली होती ती. रात्रभर माझ्या कुशीत होती.”

“ताप पहाटेच उतरला ना? मग मापच घेऊ. चिसा, ये गं चोरटे!”

स्वयंपाकघरात पेज भुरकणारी पाच वर्षांची चिसा अनवाणी धावत आली, सरळ राखेतून.

“काय बाबा?”

तोकुजीचं हसू मावळलं. तिच्या मागे राखेत एकही नवं पाऊल उमटलं नव्हतं.