एक-दोन आम्ही सोडू

शिंपीमास्तर चौथ्यांदा रांगेत येऊन उभे राहिले, तेव्हा दुकानदाराच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

आधीच्या तीन खेपांना मास्तरांनी एकेक काळं बटण घेतलं होतं. बटणाची किंमत दोन. यंत्रानं तिन्ही वेळा बिल काढलं शून्याचं. मास्तरांनी ते दर वेळी नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा रांगेचं शेपूट गाठलं.

दुकानदाराला त्यांना बोलायला जागा नव्हती. बारकी नाणी बंद झाली तेव्हा गल्ल्यामागे पाटी दुकानदारानंच लावली होती: ‘वरचे एक-दोन आम्ही सोडू. तीन-चार असतील तर पाच तुम्ही पुरे करा.’ एवढा उदारपणा दाखवून झाल्यावर त्यानं दुकानातल्या यच्चयावत वस्तूंच्या किमती तीनवर नाहीतर आठवर आणून ठेवल्या. गेल्याच आठवड्यात तेहतिसाच्या दोऱ्याचे मास्तरांकडून पस्तीस घेताना तो म्हणाला होता, नियम म्हणजे नियम. बटणं तेवढी नजरेतून सुटली. एकेक बटण घ्यायला येतंय कोण?

यंत्रातली किंमत बदलता येणारी घरात एकटी मुलगी, आणि उद्या तिचंच लग्न. दुकानदाराला लवकर दुकान बंद करायचं होतं. फुलवाला गाठायचा होता, पाहुणे आणायचे होते, नवा कोट घालून बघायचा होता. आणि इथे रांग दाराबाहेर गेली होती.

एकदम का घेत नाही, असं त्यानं दात आवळून विचारलं. मास्तर म्हणाले, सहा एकदम घेतली तर बाराचे दहा द्यावे लागतात. एकेक घेतलं तर काहीच नाही. गिऱ्हाइकानं शिलाईत घासाघीस केली, वर बटणंही त्यातच धरायला लावली, तर शिंप्यानं करावं काय? मागच्या मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, असतात अशी माणसं, आमच्याकडेही एक आहे. रांग हसली. एका आजोबांनी तर मास्तरांसाठी आपल्या नावावर एक बटण घ्यायची तयारी दाखवली.

तेवढ्यानं दुकानदाराचा तोल गेला. त्यानं बटणांचा डबा उचलला, खणात कोंबला आणि कुलूप लावलं.

“एकही बटण मिळणार नाही. आणि त्या चिक्कू माणसाला माझा निरोप सांगा मास्तर, बटणाला पैसे सुटत नसतील तर छाती उघडी टाकून फिर म्हणावं.”

मास्तरांनी खिशातली तीन बटणं तळहातावर घेऊन पाहिली.

“निरोप पोचला, मालक. ही तीन वर छातीशी लावतो. उद्या लग्नात पोटाशी कोट तेवढा तुम्हीच हातानं धरून ठेवा.”